डोळे उघडे, जाणीव किती? मूल्यमापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

मेंदूला गंभीर इजा झालेला रुग्ण कोमातून बाहेर येतो. तो डोळे उघडतो, झोपतो, पुन्हा जागा होतो. पण बोलत नाही आणि सांगितलेले करत नाही. तो जागा आहे हे कोणालाही दिसते. त्याला स्वतःची आणि भोवतालची जाणीव आहे का, हे मात्र नुसत्या नजरेने कळत नाही. ते ठरवण्यासाठी जी वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आहेत, त्यांची समीक्षा या पाठात करायची आहे.

त्यासाठी दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवू. एक, मुंबईत परळचे केईएम रुग्णालय. या प्रश्नावरचा भारतातला सर्वांत परिचित खटला तिथल्या एका खाटेभोवती उभा राहिला. दुसरे, लखनौचा चौक. १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आज तिथे विद्यापीठ म्हणून उभे आहे. पहिल्या ठिकाणी काय घडले ते तपासू आणि आजची तत्त्वे दुसऱ्या ठिकाणी वापरताना काय अडते ते पाहू.

मूलभूत संकल्पना

कोमातील रुग्णाचे डोळे मिटलेले असतात. तो जागाही नसतो आणि त्याला जाणीवही नसते. व्हेजिटेटिव्ह अवस्थेत जागेपणा परत येतो, पण जाणिवेचा पुरावा मिळत नाही. मिनिमली कॉन्शस अवस्थेत जाणिवेचा थोडा, अनियमित, तरीही निश्चित पुरावा मिळतो. या तिसऱ्या अवस्थेचे निकष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. साधी आज्ञा पाळणे, हलत्या वस्तूचा नजरेने पाठपुरावा करणे, भावनिक विषयावर हसणे किंवा रडणे पण तटस्थ विषयावर तसे न करणे, अशा वर्तनांचा त्यांत समावेश आहे.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. डोळ्यांसमोर अचानक हात आणल्यावर पापणी मिटणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. तेवढ्यावरून जाणीव सिद्ध होत नाही. आरशातल्या स्वतःच्या प्रतिमेमागे नजर पुन्हा पुन्हा फिरली, तर तो वेगळ्या दर्जाचा पुरावा ठरतो.

परळ : अरुणा शानभाग यांचे प्रकरण

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या अरुणा शानभाग केईएममध्ये परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळला गेला आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०११ रोजी डॉ. जे. व्ही. दिवेटिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शाह यांची समिती नेमली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला.

समितीचा अहवाल निकालपत्रातच समाविष्ट आहे. विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. तो काळजीपूर्वक लिहिलेला आहे. अवस्थांच्या व्याख्या त्यात दिल्या आहेत आणि रुग्णाचे प्रतिसाद एकेक करून नोंदवले आहेत. हाक मारल्यावर सुसंगत प्रतिसाद नाही. डोळ्यांसमोर हात आणल्यावर पापण्या मिटतात. ओठांना लावलेली साखर चाटली जाते. मासे आणि चिकन सूप आवडते, आवडनिवड चेहऱ्यावर दिसते, हे कर्मचाऱ्यांचे सांगणेही अहवालात आहे. समितीचा निष्कर्ष असा की कायमस्वरूपी व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण होतात आणि तपासणीत जाणिवेचा निश्चित पुरावा दिसला नाही.

आपली समीक्षा या ‘तपासणीत’ शब्दापाशी सुरू होते. निष्कर्ष उभा आहे तो तज्ज्ञांनी स्वतः पाहिलेल्या प्रतिसादांवर. परिचारिकांनी सदतीस वर्षे जे पाहिले ते अहवालात आले, पण पार्श्वभूमी म्हणून. आवडीच्या अन्नावर चेहरा बदलतो आणि नावडत्या अन्नावर बदलत नाही, हे खरे असेल तर ते २००२ च्या निकषांच्या अगदी जवळ जाते. खरे नसेल तर ते प्रेमाने पाहिलेले भास आहेत. दोहोंपैकी काय, हे नुसत्या मताने ठरत नाही. त्यासाठी मोजणी लागते. न्यायालयाने परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीऐवजी केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. म्हणजे त्यांना आप्त म्हणून मान मिळाला. निरीक्षक म्हणून त्यांची भूमिका दुय्यम राहिली.

आजची तत्त्वे काय सुधारतात?

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील एका अभ्यासात उपचार करणाऱ्या चमूने एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ रुग्णांची कोमा रिकव्हरी स्केलच्या सुधारित आवृत्तीने तपासणी झाली. त्यांपैकी १८ जणांत, म्हणजे ४१ टक्क्यांत, जाणिवेची चिन्हे आढळली. ही मापनपट्टी ऐकणे, पाहणे, हालचाल, तोंडाची हालचाल व वाचा, संवाद आणि जागेपणा अशा ६ भागांत ० ते २३ गुण देते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने इतर संस्थांसह २०१८ मध्ये दिलेली तत्त्वे प्रमाणित मापनपट्टीने वारंवार तपासणी करा, असे सांगतात. तपासणीपूर्वी गुंगी आणणारी औषधे, संसर्ग, फिट्स अशी गोंधळात टाकणारी कारणे दूर करायची. ‘कायमस्वरूपी’ या शब्दाऐवजी ‘दीर्घकालीन’ हा शब्द वापरायचा, कारण काही रुग्ण उशिराही सुधारतात. युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीची २०२० ची तत्त्वे नजरेच्या तपासणीसाठी आरसा वापरायला सांगतात.

या तत्त्वांचे मोठे श्रेय एका वाक्यात सांगता येते : त्यांनी पुराव्याचे वजन तज्ज्ञाच्या एका भेटीवरून पुन्हा पुन्हा केलेल्या मोजणीवर नेले.

चौक : तत्त्वे कुठे अडतात?

आता ही तत्त्वे घेऊन चौकातल्या वॉर्डात जाऊ. इथे रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकाला ‘तीमारदार’ म्हणतात. आई, भाऊ किंवा पत्नी पाळीपाळीने बसते. मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या वाट्याला एका रुग्णासाठी येणारी मिनिटे थोडी असतात; तीमारदाराकडे पूर्ण दिवस असतो. जाणीव दिवसभरात कमीजास्त होते. मग ती दिसण्याची शक्यता कोणाला जास्त?

दुसरा मुद्दा भाषेचा. ‘हात उचला’ ही आज्ञा अवधी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला पुस्तकी हिंदीत दिली आणि तो हलला नाही, तर नेमके काय सिद्ध झाले? घरची बोली आणि ओळखीचा आवाज तपासणीत आणायचा असेल, तर तीमारदाराशिवाय मार्ग नाही.

२०१८ ची तत्त्वे कुटुंबाशी बोलायला, त्यांची इच्छा जाणून घ्यायला सांगतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०२० ची तत्त्वे कुटुंबाच्या व शुश्रूषा करणाऱ्यांच्या निरीक्षणांना अधिक जागा देतात. तरीही प्रशिक्षित तज्ज्ञांचा चमू हाताशी आहे, हे दोघांचेही गृहीत आहे.

यावर रास्त आक्षेप असा : माया असलेल्या माणसाला हवे ते दिसते. म्हणूनच त्याचे मत न घेता त्याच्याकडून नोंद घ्यावी. समजा, आई म्हणते, ‘माझ्या आवाजावर तो वळतो.’ आईचा आवाज आणि परक्याचा आवाज यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, प्रत्येकी दहा वेळा ऐकवावे आणि प्रतिसाद तिसऱ्याने, कोणाचा आवाज आहे हे न कळता, लिहावा. वेळ, औषधांची मात्रा आणि रुग्ण जागा होता का, हेही लिहावे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

मात्र यालाही मर्यादा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आज्ञेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा पाळल्याचे एफएमआरआय किंवा ईईजीत दिसले. म्हणून शून्य नोंद म्हणजे शून्य जाणीव नव्हे.

निष्कर्ष

हा वाद केवळ पुस्तकी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्यास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता निर्णय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळांकडे आहे आणि मंडळाने मत शक्यतो ४८ तासांत द्यावे, असे अपेक्षित आहे. ४८ तासांत जाणिवेचा चढउतार मोजता येत नाही. मंडळ आधीच्या नोंदीच वाचणार. त्या नोंदी झाल्याच नसतील तर परळमध्ये घडले तेच पुन्हा घडेल : एका बाजूला तज्ज्ञांची तपासणी, दुसऱ्या बाजूला जवळच्यांची खात्री, आणि दोहोंना जोडणारा कागद नाही. तो कागद कोणी, कसा भरायचा, हे सांगणारे प्रकरण भारतासाठीच्या कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत आधी यायला हवे.

स्वाध्याय

१. प्रतिक्षिप्त क्रिया आणि जाणिवेचा पुरावा यांतील फरक दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. २०११ च्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या निरीक्षणांना दिलेले स्थान योग्य वाटते का? कारणे द्या.
३. तुमच्या भागातील बोलीत पाच साध्या आज्ञा लिहा आणि त्या तपासणीत कशा वापराल ते सांगा.