दुर्खिमची ‘आत्महत्या’ आणि वऱ्हाडातला कारणाचा रकाना

आज एकाच पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. एमिल दुर्खिमचं ‘आत्महत्या’, 1897 सालचं. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं की हे पुस्तक भेटतंच. म्हणजे पुस्तक नाही भेटत, गाइडमधली टीप भेटते. ‘आत्महत्येचे प्रकार स्पष्ट करा.’ अहंवादी, परार्थवादी, प्रमाणकशून्य. प्रत्येकाला चार ओळी, परार्थवादीला सतीचं उदाहरण, झालं.

हे कुठेही खटकलं असतं, पण अमरावती-अकोल्यात जास्त खटकतं. 2006 च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कोणते जिल्हे? अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. पहिले पाच म्हणजे आपला अख्खा अमरावती विभाग. ज्या प्रश्नावर समाजशास्त्रातला हा पायाचा ग्रंथ उभा आहे तो प्रश्न इथे शिवारात आहे, आणि आपण वर्गात पाठ करतो युरोपातले प्रोटेस्टंट आणि कॅथलिक.

आता कोणी म्हणेल, सर, शेतकरी आत्महत्येचं उदाहरण देतो की आम्ही. देता, खरं आहे. ‘प्रमाणकशून्य आत्महत्या, उदाहरणार्थ विदर्भातील शेतकरी.’ एक ओळ. माझा आक्षेप या ओळीवरच आहे.

दुर्खिम काय म्हणतो ते नीट बघा. माणसाच्या इच्छांना समाज लगाम घालतो. मंदी येवो की एकदम भरभराट, तो लगाम सुटला की प्रमाणकशून्यता येते. आणि तो असंही म्हणतो की नुसती गरिबी आत्महत्या वाढवत नाही, उलट ती इच्छा आवरायला शिकवते. मग आपल्या कापूसवाल्याच्या इच्छा अशा काय मोकाट सुटल्या होत्या? बियाणं, खत, पोराची फी, पोरीचं लग्न, दवाखाना. याला कोणी बेलगाम इच्छा म्हणेल का?

पण एक गोष्ट खरी तुटली. 1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. तिच्यात चुकारे रखडायचे, शिव्याही खूप खाल्ल्या तिनं. तरी यंदा कापसाचे साधारण किती मिळतील, हा अंदाज शेतकऱ्याला बांधता यायचा. नवं शतक सुरू होताना ती योजना मोडकळीला आली. अपेक्षा कशाच्या आधारावर करायची, तो आधारच गेला. इथे प्रमाणकशून्यता हा शब्द लागू पडतो.

घराच्या आत मात्र उलटं आहे. तिथे काही सुटलेलं नाही, सगळं आवळलेलं आहे. कर्ज, सोयरीक, गावातली पत. दुर्खिमनं चौथा प्रकार सांगितला होता, नियतिवादी. बंधनं इतकी घट्ट की पुढचा रस्ताच बंद. तो त्यानं एका तळटीपेत टाकला आणि आपल्या काळात याला फारसं महत्त्व नाही म्हणून सोडून दिला. वऱ्हाडात बसून वाचणाऱ्यानं ती तळटीप वर काढायला पाहिजे. बाजाराच्या बाजूनं सुटलेलं आणि घराच्या बाजूनं आवळलेलं, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला कसं येतं? हा प्रश्न दुर्खिमच्या चौकटीत मावत नाही. मला तरी हा परीक्षेत विचारण्यासारखा प्रश्न वाटतो.

आता दुसरा मुद्दा, आणि तो अधिक महत्त्वाचा. दुर्खिमनं सरकारी आकडे वापरले. त्याचा भाचा मार्सेल मॉस यानं सुमारे 26,000 नोंदी वेगळ्या करून दिल्या. पण त्या नोंदींत ‘कारण’ असा जो रकाना होता, तो दुर्खिमनं बाजूला ठेवला. का? तर तिथे मेलेल्या माणसाचं कारण नसतं, नोंद करणाऱ्या कारकुनाचं मत असतं.

आणि आपल्याकडे सगळा कारभार त्याच रकान्यावर चालतो! नापिकी आहे का, कर्ज आहे का, वसुलीचा तगादा होता का. कर्जही बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. बरीच वर्षं या एका शब्दावर एक लाखाची मदत अवलंबून होती. कृषी केंद्रातली उधारी, मेहुण्याकडून घेतलेले पैसे, ही कर्जं माणसाला तेवढीच जड असतात, पण कागदावर दिसत नाहीत. मक्त्यानं शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. दिवसभर निंदण-वेचणी करणारी बाई पोलिसांच्या नोंदीत ‘गृहिणी’ होते.

वरच्या पातळीवरही तेच. 2014 मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजायला सुरुवात केली. शेतीतल्या एकूण 12,360 आत्महत्या, त्यात शेतकरी 5,650 आणि मजूर 6,710. नुसता शेतकऱ्यांचा आकडा वाचणाऱ्याला वाटलं, आत्महत्या एकदम निम्म्यावर आल्या.

म्हणजे दुर्खिमनं कारणाच्या रकान्यावर संशय घेतला, पण मोजणीवर विश्वास ठेवला. जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकानं 1967 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. हा मृत्यू आत्महत्या आहे, हे कोण ठरवतं? आपण त्यात आणखी एक प्रश्न घालू शकतो, मेलेला माणूस शेतकरी होता हे कोण ठरवतं? आपल्या पोरांना हा मुद्दा समजवायला पुस्तक लागत नाही. त्यांनी तलाठी पाहिलेला असतो, पंचनामा पाहिलेला असतो.

शेवटी एक विनंती, विशेषतः प्राध्यापक मित्रांना. प्रकल्पासाठी पोरांना आत्महत्या झालेल्या घरी प्रश्नावली घेऊन पाठवू नका. त्या घरानं पंचनाम्यापासून आतापर्यंत पुष्कळ उत्तरं दिलेली आहेत. आणि तुमच्याच वर्गात, मागच्या बाकावर, अशा घरातलं लेकरू बसलेलं असू शकतं. त्याला ‘उदाहरणार्थ’ करू नका. पोरांना तो अर्ज वाचायला लावा, त्यातले रकाने वाचायला लावा. कोणत्या माणसाला यात जागा नाही, ते लिहून आणा म्हणावं. दुर्खिम शिकवायला तेवढं पुरेसं आहे, आणि दुर्खिम कुठे चुकला हेही त्यातच कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.