राजकन्या आणि मागची सीट

विल्यम वायलरचा ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) मी तीनदा पाहिला तो ऑड्री हेपबर्नसाठी. चौथ्यांदा पाहिला १९८३ साली, दारात स्कूटर आल्यावर, आणि तोही सौ.ला मागे बसवून नेऊन. या खेपेला पाहिली ती स्कूटर. हेपबर्नला या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळाले. स्कूटरच्या कामाबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

ती व्हेस्पा. आमची तिची देशी चुलतबहीण : गिअर डाव्या मुठीत, इंजिन उजव्या कुशीत. नात्याची खूण पटली तशा शंका सुरू झाल्या. ग्रेगरी पेक गाडी आडवी करत नाही. प्लग काढून रुमालाने पुसत नाही. पेट्रोल रिझर्व्हला आलं म्हणून वाकून कॉक चाचपत नाही. आणि अख्ख्या स्कूटरवर माणसे किती, तर दोन! पुढे उभे पोर नाही, मधे चेपलेले पोर नाही, पायाशी भाजीची पिशवी नाही. एवढी रिकामी स्कूटर आमच्याकडे फक्त दुरुस्तीला जाते.

एक मात्र वायलरला पक्के ठाऊक होते. निरोपाच्या प्रसंगी त्याने पेकला मोटारीत बसवले आहे. बरोबरच आहे, स्कूटरवर डोळ्यांत पाहायचे म्हणजे समोरचा टांगा गेलाच.

आता तो गाजलेला प्रसंग. राजकन्या स्वतःच हँडल धरते, पेकला कसेबसे मागे बसावे लागते, गाडी फुटपाथवरच्या टेबलखुर्च्यांतून जाते आणि वरात पोलीस चौकीत. सारे थिएटर हसले, मीही हसलो. सौ. हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, “राजवाडा सोडून ती काय मागे बसायला आली होती?”

मी म्हटलं, “सिनेमा आहे तो.”

“किल्ली द्या.”

पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानावर मी आयुष्यात प्रथम मागे बसलो. हात कुठे ठेवायचे, हा प्रश्न तिने इतकी वर्षे कसा सोडवला असेल देव जाणे. मी स्टेपनीला धरले. त्या प्रसंगातल्या पेकच्या चेहऱ्याला जाणकार हलकाफुलका विनोदी अभिनय म्हणतात. साफ चूक. त्यात अभिनय शून्य आहे.

“ब्रेक!” मी ओरडलो.

“गप्प बसा हो,” सौ. म्हणाली, आणि तिने तिसरा टाकला.