प्लीहा : स्मशान की तपासणी नाका?

प्लीहेबद्दल आपण वर्गात साधारण एकच वाक्य सांगतो : ‘प्लीहा म्हणजे तांबड्या रक्तपेशींचे स्मशान.’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही तिला दफनभूमीचीच उपमा दिलेली आहे. वाक्य सुटसुटीत आहे, मुलांच्या लक्षात राहते, परीक्षेत एक गुणही मिळवून देते. विरारच्या शाळेत शिकवताना मीही ते अनेकदा फळ्यावर लिहिले. एकदा एका मुलीने विचारले, ‘अपघातात प्लीहा काढून टाकली, तर मेलेल्या पेशी जातात कुठे?’ तेव्हापासून हे वाक्य मला टोचू लागले. ते सपशेल खोटे नाही. पण प्लीहेचे जे काम मुलांच्या जिवाशी निगडित आहे, नेमके तेच त्यात झाकले जाते.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. जुन्या तांबड्या पेशी यकृतातल्या आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशीही खातात. निरोगी माणसाची प्लीहा काढली तरी त्याच्या तांबड्या पेशींचे सुमारे १२० दिवसांचे आयुष्य फारसे वाढत नाही. म्हणजे हे ‘स्मशान’ बंद झाले तरी अंत्यविधी थांबत नाहीत. मग प्लीहा गेल्यावर बिघडते काय? याचे उत्तर रक्ताच्या एका थेंबात दिसते, आणि ते शिकवण्याजोगे आहे.

प्लीहेत रक्ताचा काही भाग अशा जागी येतो की पुढे जाण्यासाठी पेशींना शिरांच्या भिंतींतल्या अरुंद फटींतून घुसावे लागते. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची, फट जेमतेम एका मायक्रॉनच्या आसपास. संध्याकाळी दादरला विरार गाडीत चढणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. अंग चोरून माणूस आत जातो, पाठीवरची पिशवी मात्र दारात अडकते. पेशीही लवचीक असेल तर पार होते. तिच्यातला कडक ऐवज मागे अडकतो आणि भक्षक पेशी तो काढून घेतात. खजुराची बी काढावी आणि खजूर शाबूत राहावा, तसे हे काम आहे. मलेरियावर आर्टेसुनेट दिल्यानंतर मेलेले परजीवीही असेच पेशीतून काढले जातात आणि पेशी रक्तात परत येते. स्मशानातून कोणी परत येत नाही. इथे तर बहुतेक सगळ्याच पेशी परत येतात. तेव्हा प्लीहेला तपासणी नाका म्हणणे अधिक योग्य.

नाका बंद पडला हे ओळखायचे कसे? नाक्यावर अडायला हवा होता तो माल पुढच्या रस्त्यावर सापडू लागतो. तांबडी पेशी तयार होताना आपले केंद्रक टाकून देते, पण कधी त्याचा एखादा कण आत राहून जातो. नेहमीच्या रंगवलेल्या रक्तलेपात तो जांभळ्या गोल ठिपक्यासारखा दिसतो. हॉवेल यांनी १८९० मध्ये आणि पुढे जॉली यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हॉवेल-जॉली कण म्हणतात. प्लीहा शाबूत असेल तर रक्तलेपात असे कण सहसा सापडत नाहीत.

दुसरी खूण अधिक बारीक आहे. नोमार्स्की पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकाखाली न रंगवलेल्या पेशींचा पृष्ठभाग उठावाच्या चित्रासारखा दिसतो. प्लीहा काम करत नसेल तर कित्येक पेशींवर खळगे दिसतात. हॉलरॉइड, ऑस्की आणि गार्डनर यांनी १९६९ मध्ये नवजात बालकांच्या रक्तात अशा पेशी दाखवल्या. गंमत म्हणजे हे खळगे नव्हेतच. ती पेशीच्या पटलाखालची टाकाऊ पदार्थांनी भरलेली पोकळी असते. नाक्यावर न उतरवलेले ओझेच ते. निरोगी माणसात अशा पेशी शेकडा दोन-तीनपेक्षा जास्त नसतात. प्लीहा काढलेल्यांत हे प्रमाण १५-२० च्या वर जाते, कधी निम्म्यापर्यंतही पोचते.

या मोजणीने प्रस्थापित समजुतींना धक्के दिले. पीअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये, अपघातामुळे प्लीहा काढलेल्या मुलांच्या रक्तातले खळगे मोजले. कित्येकांत ते अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले. फुटलेल्या प्लीहेचे तुकडे पोटात रुजून पुन्हा काम करू लागले होते.

आमच्या भागाच्या दृष्टीने त्याआधीचा, १९६९ चा धक्का अधिक महत्त्वाचा. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई-विरारला येतात, त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात. सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी कडक होऊन विळ्याच्या आकाराच्या होतात. प्लीहेतल्या संथ, कोंडलेल्या रक्तात त्या फटी बुजवतात. पीअर्सन यांनी अशा मुलांची वाढलेली, हाताला लागणारी प्लीहा किरणोत्सारी टेक्नेशियमच्या चित्रणाने तपासली. चित्रात ती उमटलीच नाही. अवयव जागेवर होता, मोठाही होता, पण काम बंद होते. १९७० मध्ये त्यांनीच दाखवले की अशा लहान मुलांना रक्त दिल्यावर ती काही काळ पुन्हा काम करते.

आपल्याकडे मलेरियामुळे ‘पानथरी वाढली’ हा शब्दप्रयोग जुना आहे, आणि पोट चाचपून प्लीहा मोजण्याची सवयही. सिकलसेलमध्ये ही सवय दगा देते. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहते, त्यामुळे प्लीहा आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक वर्षे मोठी राहू शकते. मोठी आहे म्हणून ती राखण करते आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तसेच नंतर ती हाताला लागेनाशी झाली म्हणजे मूल बरे झाले, असेही नाही. ती सुकून गेलेली असू शकते.

या तपासण्यांचे गुणगान करताना त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हॉवेल-जॉली कण साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसतात, पण ते प्लीहेचे काम बरेच घटल्यावर. सौम्य बिघाड त्यांतून निसटतो. खळगे लवकर दिसतात, पण त्यासाठी महागडे भिंग लागते, शेकडो पेशी मोजाव्या लागतात, आणि दोन मोजणाऱ्यांचे आकडे जुळतीलच असे नाही. नुकतेच रक्त दिलेले असेल तर आपल्या आणि दुसऱ्याच्या पेशींची सरमिसळ होते. शिवाय दोन्ही खुणा गाळणीचे काम मोजतात. प्लीहेतले प्रतिपिंडे तयार करण्याचे काम त्यांत थेट दिसत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना पत्रिका द्यायची, असा तिचा संकल्प आहे. काम मोलाचे आहे. पण पत्रिका जनुक कोणते आहे ते सांगते. प्लीहा चालू आहे की बंद, ते सांगत नाही. त्यासाठी नोमार्स्कीचे भिंग गावोगाव नेण्याची गरज नाही. रक्तलेप तर काढला जातोच. त्यात जांभळा ठिपका शोधून नोंदवण्याची शिस्त लागली तरी पुष्कळ होईल. मात्र ठिपका नाही म्हणजे प्लीहा ठीक, असे समजण्याची चूक नको.

प्लीहा बंद पडलेल्या मुलात न्युमोकॉकससारखे जिवाणू रक्तात झपाट्याने वाढतात आणि काही तासांत प्राणावर बेतते. हा धोका टाळता येतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात सिकलसेलच्या लहान मुलांना रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिल्यावर न्युमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे न्युमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली.

आता ‘स्मशान’ या शब्दाकडे परत येऊ. मेलेल्यांची जागा बंद पडली तर जिवंतांचे काय बिघडणार, असेच मुलाला वाटेल. नाका बंद पडला म्हटले की धोका लगेच कळतो. कोणतीही उपमा पुरी पडत नाही, नाक्याचीही नाही. तरी चुकायचेच असेल तर सावध करणाऱ्या बाजूने चुकावे. सिकलसेलच्या किंवा प्लीहा काढलेल्या मुलाला वर्गात ताप आला, तर ‘उद्या बघू, घरी जाऊन झोप’ म्हणू नये. त्याच दिवशी, त्याच तासाला त्याला डॉक्टरांकडे पोचवावे, आणि प्लीहेबद्दल त्यांना सांगावे.