'आपला विश्वासू' की 'आपली विश्वासू' : कार्यालयीन पत्रव्यवहारातील लिंगनिर्देशाची चिकित्सा

प्रस्तावना :
कार्यालयीन ई-मेलमधील स्वाक्षरीखाली स्वतःची सर्वनामे नमूद करावीत, ही अपेक्षा इंग्रजी व्यवहारातून आपल्याकडे येत आहे. धाराशिव जिल्ह्यातील प्राध्यापकास ती परकी वाटते. वस्तुतः रजेच्या अर्जाखाली 'आपला विश्वासू' अथवा 'आपली विश्वासू' लिहिताना आपण तेच करीत आलो आहोत.

विवेचन :
मराठीत 'मी' लिंगनिरपेक्ष आहे. परंतु 'मी येतो', 'मी येते' म्हणताच क्रियापद लिंग उघड करते. इंग्रजीतील लिंगनिरपेक्ष सर्वनामासाठी 'ते' योजावे, तर एकवचनी 'ते' नपुंसकलिंगी आणि आदरार्थी 'ते' पुल्लिंगी ठरते. 'कु.' व 'सौ.' ही उपपदे तर स्त्रीची वैवाहिक स्थितीही सांगतात, 'श्री.' पुरुषाची सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. ओळख ठरविण्याच्या हक्कात ती केव्हा व कोणास सांगावी, याचे स्वातंत्र्यही अभिप्रेत असले पाहिजे. ज्या सहकाऱ्याने ती अद्याप उघड केलेली नाही, त्याच्यापुढे सक्तीची स्वाक्षरी दोनच वाटा ठेवते : असत्य लिहिणे किंवा उघडे पडणे. 'आपला/आपली' हा जुना नमुनाही या दोषातून मुक्त नाही.

निष्कर्ष :
सर्वनामे लिहिण्याची मुभा असावी, सक्ती नसावी. 'त्यांनी कळविले', 'आपण यावे', 'मला रजा मिळावी' ही लिंगनिर्देश टाळणारी रूपे मराठीत रूढच आहेत. अर्जाच्या नमुन्यातून 'आपला/आपली' वगळून केवळ 'विश्वासू' ठेवल्यास सौजन्य उणावत नाही. ही सुधारणा महाविद्यालयीन कार्यालयातूनच आरंभता येईल.