निष्ठेचे मोल कोणी मोजावे? हॉटेलांच्या लॉयल्टी पॉइंट योजनांची स्वारगेटच्या संदर्भात समीक्षा

सारांश : मोठ्या हॉटेल-साखळ्या नियमित ग्राहकांना 'लॉयल्टी पॉइंट' देतात. हे पॉइंट मिळविण्याचे मार्ग कोणते, त्यांचा खर्च कोण उचलतो आणि लाभ कोणास होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. स्वारगेट परिसरातील लॉज, खानावळ व एस.टी. यांच्या सवलतींशी तुलना करून महाविद्यालयीन प्रवासखर्चाच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : लॉयल्टी पॉइंट, सवलत, प्रवासभत्ता, संस्थात्मक नीती, स्वारगेट.

१. प्रस्तावना

पुण्यात कामानिमित्त येणाऱ्या बाहेरगावच्या प्राध्यापकाचा क्रम एकेकाळी ठरलेला असे. सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूरकडून एस.टी.ने यावयाचे, स्वारगेट स्थानकावर उतरावयाचे, जवळच्या एखाद्या लॉजवर खोली घ्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठातील काम उरकून परतीची गाडी पकडावयाची. स्वारगेटचे हे महत्त्व आजही कमी झालेले नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोमार्गाचे उद्घाटन झाल्यापासून तर शहराच्या इतर भागांशी त्याचा संबंध अधिक जवळचा झाला आहे.

तथापि मुक्कामाच्या पद्धतीत बदल होत आहे. चर्चासत्रे, परिषदा, तज्ज्ञ समित्यांच्या भेटी यांसाठी सेनापती बापट रस्ता, मंगलदास रस्ता किंवा हिंजवडी येथील तारांकित हॉटेलांत खोल्या घेतल्या जातात. तेथे खोलीची किल्ली देण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जातो : आपला सभासद क्रमांक कोणता? हा प्रश्न साधा दिसतो. परंतु खोलीचे भाडे संस्था देत असेल, तर मिळणारे पॉइंट सभासदाचे की संस्थेचे, हा त्यामागील खरा प्रश्न होय.

२. पॉइंट मिळविण्याचे मार्ग

या योजनांचा उगम अमेरिकेतील. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये प्रवाशांसाठी 'ॲडव्हान्टेज' योजना सुरू केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल-कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड ही कंपनी विकत घेतली व २०१९ मध्ये आपल्या सर्व योजना 'बॉनव्हॉय' या नावाखाली एकत्र आणल्या. भारतात ताज हॉटेलांची 'इनर सर्कल' योजना २०२२ मध्ये 'टाटा न्यू'शी जोडली गेली.

पॉइंट मिळविण्याचे मार्ग स्थूलमानाने पाच आहेत. पहिला मार्ग प्रत्यक्ष मुक्कामाचा. बॉनव्हॉयच्या बहुतेक हॉटेलांत खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे १० पॉइंट मिळतात. मात्र त्यासाठी खोली हॉटेलच्या स्वतःच्या यंत्रणेतून घ्यावी लागते. अन्य प्रवासी संकेतस्थळावरून ती स्वस्तात मिळाली, तर सामान्यतः पॉइंट मिळत नाहीत. दुसरा मार्ग श्रेणीचा. वर्षात १० रात्री राहणारा 'सिल्व्हर', २५ रात्री राहणारा 'गोल्ड' आणि ५० रात्री राहणारा 'प्लॅटिनम' होतो. त्यांना अनुक्रमे १०, २५ व ५० टक्के अधिक पॉइंट मिळतात. तिसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा. एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये मॅरियटसह असे कार्ड आणले. सुरुवातीच्या अटींनुसार ते घेणाऱ्याच्या खात्यावर एक दिवसही न राहता १० रात्रींचे श्रेय जमा होत असे. चौथा मार्ग पॉइंट रोखीने विकत घेण्याचा. पाचवा मार्ग आयोजकाचा. बैठक वा परिषद भरविणाऱ्या व्यक्तीस खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे २ पॉइंट मिळतात. हा शेवटचा मार्ग महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र होत नाही.

या पॉइंटांचे मूल्य किती? डॉलरचा भाव ८५ रुपये धरल्यास ८,५०० रुपयांच्या खोलीवर १,००० पॉइंट मिळतील. एका पॉइंटास अर्धा ते पाऊण सेंट मानल्यास हा परतावा सुमारे ४२५ ते ६४० रुपये, म्हणजे ५ ते साडेसात टक्के होतो. 'मानल्यास' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. मॅरियटने मार्च २०२२ मध्ये मोफत रात्रींचे ठरीव दरपत्रक रद्द केले. तेव्हापासून एका रात्रीस किती पॉइंट लागतील, हे मागणीनुसार बदलते. टाटा न्यूचे 'न्यूकॉइन' एका रुपयाच्या बरोबरीचे असल्याचे सांगितले जाते. या बाबतीत ती योजना अधिक स्पष्ट आहे.

३. 'मोफत' या शब्दाची परीक्षा

पॉइंटांवर मिळालेल्या खोलीस सर्रास 'मोफत' म्हटले जाते. लेखाशास्त्राला हे मान्य नाही. १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या 'इंड एएस ११५' या लेखामानकानुसार, विक्रीबरोबर ग्राहकास असा महत्त्वाचा हक्क दिला असेल, तर आलेल्या रकमेतील काही भाग त्या हक्कापोटी बाजूला ठेवावा लागतो. पॉइंट वापरले जातील किंवा बाद होतील, तेव्हाच तो उत्पन्न म्हणून दाखविता येतो. याचा सरळ अर्थ असा की, पॉइंटाची किंमत पहिल्या बिलातच वसूल झालेली असते. ते बिल ज्याने भरले, त्यानेच पॉइंट विकत घेतलेले असतात.

बाद होणाऱ्या पॉइंटांचे काय? बॉनव्हॉयमध्ये २४ महिने खात्यावर कोणतीही हालचाल न झाल्यास पॉइंट संपुष्टात येतात. येथे पुण्याच्या खानावळीतील 'खाडा' आठवतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरणारा विद्यार्थी गावी गेला, तर किती दिवसांचे खाडे धरावयाचे यावरून मालकाशी त्याचा वाद होई. तो वाद कटकटीचा खरा, परंतु तो समोरासमोर होई, आणि न खाल्लेल्या जेवणाचे पैसे कोणाकडे राहिले, हे दोघांनाही ठाऊक असे. पॉइंट योजनेत खाडा नेहमी कंपनीच्या बाजूने पडतो आणि त्याचा हिशेब ग्राहकापुढे येत नाही.

४. स्वारगेटवरील सवलतींचे स्वरूप

सवलत देण्याची पद्धत स्वारगेटला नवी नाही. एस.टी. महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून चालू आहे. ४ किंवा ७ दिवसांचा पास घ्यावा आणि हवे तेथे फिरावे. तिचा दर आधी जाहीर असतो व जो पैसे देतो तोच प्रवास करतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. या सवलतींची भरपाई शासन महामंडळास करते. त्यांवर मतभेद असू शकतात व आहेतही. परंतु लाभ कोणास आणि खर्च कोणाचा, हे उघड आहे. म्हणूनच मतभेद व्यक्त करता येतात.

पॉइंट योजनेचे तत्त्व याच्या उलट आहे. तेथे जो अधिक खर्च करतो, त्यास अधिक सवलत. श्रेणी वाढते तशी सवलत दीडपट होते. वर्षातून ५० रात्री हॉटेलात राहणे स्वतःच्या पगारातून कितीजणांना शक्य आहे? अशा सभासदांपैकी बहुतेकांचे बिल कोणीतरी दुसरा, म्हणजे कंपनी, संस्था किंवा शासन, भरत असणार, असे अनुमान काढावयास हरकत नाही. किंबहुना या योजनांचे यश याच विभागणीवर उभे आहे. स्वतःचे पैसे खर्च करणारा ग्राहक दरात घासाघीस करतो. दुसऱ्याचे पैसे खर्च करणारा पॉइंट पाहतो.

लॉजच्या बाबतीतही भाबडेपणा नको. नेहमीच्या गिऱ्हाइकास लॉजचा व्यवस्थापक शंभर-दोनशे रुपये कमी करून देतो, हा झाला चांगला भाग. परंतु काही ठिकाणी गल्ल्यावर आणखी एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो : 'पावती कितीची करू?' प्रत्यक्षात दिलेल्या रकमेपेक्षा अधिक रकमेची पावती घेऊन फरक खिशात घालणे हा अपहार आहे, याविषयी दुमत नाही. तारांकित हॉटेलातील पॉइंट आणि ही वाढीव पावती एकच आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पावतीत असत्य असते. पॉइंटात ते नसते. मात्र दोहोंत एक गोष्ट समान आहे. पैसे संस्थेचे जातात आणि परतावा प्रवाशाच्या वाट्यास येतो. पहिल्या व्यवहाराबद्दल आपण कुजबुजतो. दुसऱ्याचे कार्ड पाकिटात अभिमानाने बाळगतो. हा फरक नीतीचा किती आणि प्रतिष्ठेचा किती, हे तपासण्याची वेळ आली आहे.

५. शासकीय नियम व परदेशांतील अनुभव

केंद्र शासनाने या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. प्रवासभत्त्याविषयीच्या १३ जुलै २०१७ च्या आदेशानुसार शासकीय कामासाठी काढलेल्या तिकिटांवर मिळणारे मायलेज पॉइंट त्या त्या विभागाने शासकीय प्रवासासाठीच वापरावयाचे आहेत. खासगी प्रवासासाठी त्यांचा वापर केल्यास विभागीय कारवाई होऊ शकते. शासनाच्या पैशातून झालेल्या प्रवासाचा लाभ शासनास मिळावा, हे त्यामागील तत्त्व होय. परंतु या तरतुदीतील शब्द 'तिकिटे' असा आहे. हॉटेलातील मुक्कामाचा तेथे उल्लेख नाही. त्याच आदेशाने वेतनस्तर ९ ते ११ साठी हॉटेलखर्चाची मर्यादा प्रतिदिन २,२५० रुपये ठरविली व महागाई भत्ता ५० टक्के वाढल्यावर ती २५ टक्क्यांनी वाढेल, अशी तरतूद केली. एवढ्या रकमेत तारांकित हॉटेल क्वचितच बसते. त्यामुळे सामान्य प्राध्यापकाचा प्रश्न एकट्याच्या मुक्कामाचा नाही. परिषदा आणि समित्यांच्या निमित्ताने एकगठ्ठा घेतल्या जाणाऱ्या खोल्यांचा आहे.

जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासातील मैलांचा खासगी वापर केल्यावरून मोठे वादळ उठले आणि चेम ओझदेमीर व ग्रेगोर गीझी या नेत्यांना पदे सोडावी लागली. याच्या उलट अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये कायदा करून संघराज्याच्या कर्मचाऱ्यांना असे लाभ स्वतःकडे ठेवण्यास मुभा दिली. घरापासून दूर राहण्याचा त्रास कर्मचारी सोसतो, तेव्हा थोडा लाभ त्यास मिळाला तर बिघडले कोठे, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु तो एका अटीवरच टिकतो : हॉटेलची निवड लाभार्थ्याच्या हाती नसावी. निवड करणारा आणि लाभ घेणारा एकच झाला, की त्रासाची भरपाई संपते आणि हितसंबंध सुरू होतो.

६. निष्कर्ष

हॉटेलांचे लॉयल्टी पॉइंट ही भेट नसून बिल भरणाऱ्याने आगाऊ दिलेली रक्कम आहे, आणि ती परत मिळते ती मात्र मुक्काम करणाऱ्यास किंवा आयोजन करणाऱ्यास. स्वतःच्या पैशाने राहणाऱ्याने ते अवश्य मिळवावेत. खोलीचा दर अन्यत्र स्वस्त नाही ना, एवढे मात्र आधी पाहावे. पॉइंट मिळावेत म्हणून अधिक दराची खोली घेणे, श्रेणी टिकावी म्हणून वर्षअखेरीस अनावश्यक मुक्काम करणे किंवा कार्डाची थकबाकी व्याजाने वाढू देणे, हे तोट्याचेच व्यवहार होत.

महाविद्यालयांच्या बाबतीत तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, परिषदेसाठी हॉटेलशी बोलणी करताना आयोजकाने पॉइंट नाकारावेत व तेवढी सूट दरात मागून ती बिलावर लिहून घ्यावी. पॉइंट व्यक्तीच्या नावावर जमा होतात. दरातील सूट संस्थेच्या हिशेबात दिसते. दोन, दरपत्रकांची तुलना करणाऱ्या समितीतील सदस्यांनी संबंधित हॉटेल-साखळीचे आपले सभासदत्व आधी नोंदवावे. तीन, तिकिटांविषयीचे केंद्र शासनाचे तत्त्व हॉटेलांनाही लागू करण्याचा ठराव संस्थांनी स्वतःहून करावा.

मूल्यमापनाच्या बाबतीत आपण शिक्षकांनी एक अनुभव घेतलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कार्यास गुणांक लावले, तेव्हा ज्या कामास गुण होते ते वाढले आणि ज्यास नव्हते ते मागे पडले. हॉटेलच्या पॉइंटांचेही तसेच आहे. मोजले जाते त्याकडे माणूस वळतो. मराठीत निष्ठा हा शब्द गुरू, संस्था, तत्त्व यांच्या संदर्भात येतो, आणि ती किंमत मोजूनही टिकवावयाची असते. दुसऱ्याच्या पैशातून जमा होणाऱ्या पॉइंटांना 'लॉयल्टी' म्हणत असताना आपली निष्ठा नेमकी कोणाशी आहे, हा प्रश्न प्रत्येक प्रवासबिलावर सही करण्यापूर्वी स्वतःस विचारावयास हवा.