चेहऱ्यासाठी घडलेली काच

आंब्याखाली बसलेल्या एका आजींचा फोटो माझ्यासमोर आहे. कॅमेरा आजचा, मिररलेस, फुल-फ्रेम सेन्सरचा. लेन्स मात्र बंद पडलेल्या थिएटरच्या प्रोजेक्टरमधून निघालेली, पितळी नळीची. तिची मूळ रचना १८४० मधली, व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञाची. कागदावर आकडेमोड करून त्याने पोर्ट्रेटची लेन्स सिद्ध केली आणि फोग्टलेंडर या भिंगनिर्मात्याने ती बाजारात आणली. त्याआधीच्या लेन्सांतून इतका कमी प्रकाश येई, की माणसाला कित्येक मिनिटं उन्हात निश्चल बसावं लागे. पेट्झवालने एफ ३.६ इतकं मोठं छिद्र दिलं आणि बैठकीचा वेळ एकदम घटला. चेहऱ्यासाठीच घडलेली ही काच आहे, हे मनात धरून फोटो पाहिला की तो उलगडत जातो.

नजर आधी डोळ्यांवर जाते. पापणी न् पापणी सुटी दिसते, भुवईतला पांढरा केस मोजून घ्यावा. तिथून बाहेर सरकावं तर कानाशीच रेषा सैल होते, खांद्यावरचा पदर मऊ पडतो आणि मागची पानं चेहऱ्याभोवती फेर धरतात. पानांमधून झिरपणारे उजेडाचे ठिपके मध्याजवळ गोल आहेत. कडेला जाता जाता ते बदामी होतात आणि सगळे त्याच फेऱ्यात वळलेले दिसतात. चित्राला मध्य आहे आणि त्या मध्याला मान आहे. आजची उत्तम लेन्स चारही कोपरे सारख्याच निगुतीने टिपते. ही लेन्स आधीच ठरवून टाकते, की इथे आजी महत्त्वाच्या, बाकी सगळं त्यांच्यासाठी.

हा फेर येतो कुठून? रचनेत भिंगांच्या दोन जोड्या आहेत, पुढची चिकटवलेली, मागची मध्ये हवा ठेवलेली. दोन्ही जोड्यांमध्ये बरंच अंतर असल्याने कडेकडून तिरका येणारा प्रकाश नळीच्या काठाने कापला जातो. म्हणून ठिपका बदामी होतो. शिवाय ही लेन्स स्पष्ट प्रतिमा सपाट पृष्ठावर न उमटवता वाटीसारख्या वक्र पृष्ठावर उमटवते. सेन्सर सपाट, त्यामुळे मध्य लख्ख राहतो आणि कडेची पार्श्वभूमी अधिकच विरघळते. प्रतिमा सपाट कशाने होईल याची गणिती अट पेट्झवालच्याच नावाने ओळखली जाते. तरी या लेन्समध्ये त्याने भरपूर प्रकाश आणि मधला नेमकेपणा यांना पहिला मान दिला. मला यात कलावंताची निवड दिसते. काय सोडायचं हे ज्याला कळतं, त्यालाच असं काही साधतं.

आजींच्या पांढऱ्या पातळाभोवती हलकी आभा आहे, तीही काचेचीच. जुन्या भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप नसे. इथे हवेला भिडणारे सहा पृष्ठभाग आहेत आणि दर पृष्ठावर चारेक टक्के प्रकाश परततो. त्यातला काही आत भटकून सावल्यांत मिसळतो, म्हणून काळा रंग इथे कधीच ठार काळा होत नाही.

हे सगळं आजच्या कॅमेऱ्यावर येतं ते अडॅप्टरमुळे. बहुतेक वेळा त्यात काच नसतेच. असतं फक्त मोजून राखलेलं अंतर. जुन्या एम४२ स्क्रू माउंटची लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसे, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागे. सोनीच्या ई-माउंटमध्ये हेच अंतर १८ मिलिमीटर आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर अडॅप्टर भरून काढतो. प्रोजेक्टरच्या लेन्सला तर माउंटच नसतो, फोकसची रिंग आणि छिद्राची पाती नसतात. ती गुळगुळीत नळी हेलिकॉइडमध्ये, म्हणजे आट्यांच्या कड्यात, घट्ट धरावी लागते आणि आटे फिरवून पुढे-मागे करत फोकस साधावा लागतो. नळी किंचित तिरकी बसली, तरी एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. जोडणाऱ्याचा हात फोटोत दिसतो, तो असा.

आणि मोठा निर्णय असतो सेन्सरच्या आकाराचा. पेट्झवालची लेन्स बसवलेल्या फोग्टलेंडरच्या १८४१ मधल्या पितळी कॅमेऱ्यातून ८-९ सेंटीमीटर व्यासाची गोल चित्रं निघत. ती मूळ लेन्स फुल-फ्रेमवर लावली, तर ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरला केवळ मधला शांत भाग मिळतो आणि फेर जवळजवळ बाहेरच राहतो. प्रोजेक्टरच्या लेन्सचं याच्या उलट. तिच्यासमोरची फिल्मची चौकट २२ बाय १६ मिलिमीटरच्या आसपास असे. सेन्सर त्याहून मोठा, म्हणून पडद्यावर कधीच न पोहोचलेली तिची कड इथे प्रथमच दिसते. एकच रचना, पण एकीकडे गाभा हाती येतो, दुसरीकडे पूर्ण आकृती.

म्हणून जुनी लेन्स जोडताना केवळ 'बसते का' एवढं पाहून थांबू नये. ती कशाकडे पाहण्यासाठी घडली आणि आपला सेन्सर तिचं किती ऐकून घेणार आहे, हे आधी पाहावं. या फोटोत तो मेळ जमला आहे. फेर धरणारी पानं कुठेही मिरवत नाहीत. ती नजरेला पुन्हा पुन्हा आजींच्या डोळ्यांपाशी आणून सोडतात. पेट्झवालच्या गणिताला हवं होतं ते हेच, आणि आजच्या सेन्सरवरही ते तितकंच खरं उतरतं.