‘हे शरीर’ आणि ‘माझे शरीर’ : स्टेलार्क यांच्या व्याख्यानांविषयी

तंत्रज्ञानाचा प्रक्षोभक वापर करणाऱ्या कलावंतांत ऑस्ट्रेलियातील स्टेलार्क यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९४६ साली सायप्रसमध्ये जन्मलेल्या आणि १९७० ते १९८९ या काळात जपानमध्ये वास्तव्य केलेल्या या कलावंताच्या प्रयोगांवर विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या व्याख्यानांकडे मात्र बहुधा माहितीचे साधन म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास ती त्यांच्या कलाकृतींचाच एक भाग वाटतात, आणि त्यांच्या भूमिकेतील मोठी फटही तेथेच दिसते.

व्याख्यानाची रीत साधी असते. पडद्यावर एकामागून एक प्रयोगांची चित्रे सरकतात आणि वक्ता गडगडाटी हसत त्यांचे विवरण करतो. श्रोत्याला खटकते ती भाषा. स्टेलार्क ‘माझे शरीर’ असे म्हणत नाहीत. ‘हे शरीर’ किंवा नुसते ‘शरीर’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्दप्रयोग परका नाही. देहाविषयी असे तटस्थपणे बोलण्याची सवय आपल्याला संतवाङ्मयाने लावलीच आहे. परंतु तेथे देह बाजूला सारल्यावर आत्मतत्त्व शिल्लक राहते. स्टेलार्क आत कोणी वसत असल्याचेच नाकारतात. ‘शरीर कालबाह्य झाले आहे’ हे त्यांचे गाजलेले विधान या नकारासह ऐकले, तरच त्याची धार कळते.

१९७६ ते १९८८ या काळात त्यांनी त्वचेत आकडे अडकवून स्वतःला अधांतरी टांगून घेण्याचे पंचवीसएक प्रयोग केले. १९८५ मध्ये कोपनहेगनच्या रॉयल थिएटरवर क्रेनच्या साहाय्याने ते असेच लटकले होते. ही चित्रे पाहताना आपल्याकडील वाचकास बगाडाची, पूर्वी पाठीत गळ टोचून फेडल्या जाणाऱ्या नवसाची आठवण होणे साहजिक आहे. स्टेलार्क यांना मात्र धार्मिक वा आध्यात्मिक अर्थ मान्य नाही. बगाडाचा अर्थ भोवतालचा गाव जाणत असतो, तेथे व्याख्यात्याची गरज नसते. स्टेलार्क यांच्यामागे ना दैवत ना नवस. म्हणून अर्थ पुरविण्याचे काम व्याख्यानाकडे येते. त्यांचे प्रयोग बोलण्याशिवाय पुरे होत नाहीत, असे म्हणण्याचे कारण हे आहे.

पुढच्या प्रयोगांत शरीराची सूत्रे इतरांच्या हाती गेली. १९९५ च्या ‘फ्रॅक्टल फ्लेश’ या प्रयोगात कलावंत लक्झेंबर्गमध्ये होता आणि पॅरिस, हेलसिंकी व ॲम्स्टरडॅम येथील प्रेक्षक विद्युत्प्रवाहाद्वारे त्याचे स्नायू हलवीत होते. २०१५ साली पर्थ येथे पाच दिवस, रोज सहा तास, त्यांनी लंडनमधील माणसाच्या डोळ्यांनी पाहिले आणि न्यूयॉर्कमधील माणसाच्या कानांनी ऐकले; उजव्या हाताला जोडलेला यांत्रिक सांगाडा कोणालाही दुरून हलविता येत होता. येथे ‘हे शरीर’ हा शब्दप्रयोग नुसती लकब राहत नाही. हात हलतो, पण तो हलविणारा ‘मी’ नसतो, याचे प्रात्यक्षिकच श्रोत्यासमोर उभे राहते. कलावंत म्हणून स्टेलार्क यांचे मोठेपण या प्रयोगांत आहे असे माझे मत आहे. टांगून घेण्याच्या चित्रांना मिळालेली प्रसिद्धी त्या मानाने अवाजवी वाटते.

मग फट कोठे आहे? २००६ पासून डाव्या हातावर शस्त्रक्रियेने घडविलेल्या कानाची हकिगत ऐकावी. कानाच्या आकाराचा सच्छिद्र साचा त्वचेखाली बसविण्यात आला आणि पेशी व रक्तवाहिन्या त्यात वाढल्या. पुढे सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून हा कान इंटरनेटशी जोडायचा होता. ध्वनिग्राहकाची चाचणी यशस्वी झाली, पण नंतर जंतुसंसर्ग झाला आणि तो काढून टाकावा लागला. व्याख्यानात हे एखाद्या तांत्रिक अडचणीसारखे सांगितले जाते. वास्तविक साचा आपलासा करणारे आणि संसर्गाने ध्वनिग्राहकाचा मुक्काम संपविणारे, दोन्ही ते ‘कालबाह्य’ शरीरच होते. विधान एक सांगते आणि हातावरचा व्रण दुसरेच. वक्ता हसून पुढच्या चित्राकडे वळतो.

याहून गंभीर प्रश्न संमतीचा आहे. लक्झेंबर्गमधील शरीर परक्या आज्ञेवर हलले, ते त्याच्या धन्याने ठरविलेल्या मुदतीपुरते. ‘धनी’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे, कारण स्टेलार्क नाकारतात ती मालकी प्रयोगाच्या आखणीत जागोजागी गृहीत धरलेली असते. जागा, वेळ, वैद्यकीय साहाय्य हे सारे ते स्वतः निश्चित करतात. आज मोबाइलवरील सूचनेबरहुकूम वळणे घेत घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाचे शरीरही दुरूनच चालविले जाते. त्याला मुदत ठरविता येत नाही, आणि गुडघा दुखू लागला तर तो ‘हे शरीर दुखते आहे’ असे म्हणणार नाही. स्टेलार्क यांनी १९९५ मध्येच या अवस्थेचे चित्र रेखाटले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र व्याख्यानाच्या भाषेत त्या तरुणाला जागा नाही, कारण तेथे शरीर कोणाचेच नसते.